तारखेचा योग : २३ एप्रिलच्या निमित्ताने

वृत्तपत्राच्या एका कोपऱ्यात 'दिनविशेष' नावाचे छोटेसे सदर असते. सकाळच्या चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी ते वाचून संपते. एखादी लढाई, एखाद्या कवीचा मृत्यू, एखाद्या शास्त्रज्ञाचा जन्म आणि एखाद्या पुलाचे उद्‌घाटन अशी सर्व मंडळी तेथे एकाच पंगतीला बसलेली असतात. त्यांचा परस्परांशी संबंध एवढाच, की दिनदर्शिकेच्या एकाच चौकोनात त्यांची नावे पडली आहेत. तरीही ती यादी वाचताना मनास एक प्रकारचे कौतुक वाटते. 'अरे, हे दोघे एकाच दिवशी जन्मले होय!' असे आपण सहज म्हणून जातो.

या कौतुकात खरे किती आणि मानीव किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही २३ एप्रिल ही तारीख निवडली आहे. ती वसंतातील व्याख्यानांच्या दिवसांत येते हे एक कारण; पण मुख्य कारण असे, की तारखेच्या योगात जितके प्रकार संभवतात ते बहुतेक सर्व या एका तारखेत सापडतात. खोटा योग आहे, संशयित योग आहे, आणि अगदी निखळ खरा योगही आहे.

प्रथम यादीवर नजर टाकू. इंग्रज नाटककार शेक्सपिअर १६१६ साली याच तारखेस वारला. त्याचा जन्मही १५६४ साली याच तारखेस झाला असे मानतात. कवी वर्डस्वर्थचा मृत्यू २३ एप्रिल १८५० चा. तुर्कस्तानची राष्ट्रीय महासभा अंकारा येथे प्रथम भरली ती २३ एप्रिल १९२० रोजी, आणि त्या देशात हा दिवस मुलांचा सण म्हणून पाळतात. चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय यांचे निधन कलकत्त्यास २३ एप्रिल १९९२ रोजी झाले. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने १९९५ साली हा दिवस जागतिक ग्रंथदिन म्हणून ठरवला. या यादीत आमच्या घरची दोन-तीन नावे अजून यावयाची आहेत. ती आम्ही हेतुतः मागे ठेवली आहेत.

कागदावरचा एक दिवस, आकाशातले दोन

ग्रंथदिनासाठी हाच दिवस का, याचे उत्तर देताना असे सांगतात, की शेक्सपिअर आणि 'डॉन क्विक्झोट'चा कर्ता सर्व्हांटिस हे दोन महान लेखक एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ रोजी, जगाचा निरोप घेऊन गेले. ऐकावयास ही गोष्ट फार गोड आहे. पण ती तपासून पाहिली की हातात काही उरत नाही.

वास्तविक सर्व्हांटिस माद्रिद येथे वारला तो २२ एप्रिलला. २३ ही तारीख त्याच्या दफनाची आहे. परंतु हा एका दिवसाचा फरक किरकोळच म्हणावयाचा. मोठा घोटाळा पुढेच आहे. त्या काळी स्पेनमध्ये एक दिनदर्शिका चालू होती आणि इंग्लंडमध्ये दुसरी.

यामागची हकीकत अशी. जूलियस सीझरच्या काळापासून युरोपात वर्ष ३६५ पूर्णांक एक चतुर्थांश दिवसांचे धरले जात असे. खरे सौर वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ११ मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण सव्वाशे-दीडशे वर्षांत या मिनिटांचा एक पुरा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत चूक साचत साचत अशी वेळ आली, की जो वसंतसंपात २१ मार्चला यावयाचा तो ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला. तेव्हा पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ साली दहा दिवस सरळ गाळून टाकले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. स्पेन, पोर्तुगाल या कॅथलिक देशांनी ही सुधारणा लगेच मानली. इंग्लंडने पोपची आज्ञा म्हणून ती नाकारली, ती थेट १७५२ पर्यंत. तोवर चूक अकरा दिवसांची झाली होती, म्हणून तेथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. रशियाने तर १९१८ साल उजाडेपर्यंत वाट पाहिली. तेथील 'ऑक्टोबर क्रांती' जगाच्या नोव्हेंबरात झाली, ती याचमुळे.

तात्पर्य, शेक्सपिअर ज्या दिवशी वारला त्या दिवशी माद्रिदमध्ये ३ मे ही तारीख होती. सर्व्हांटिसला जाऊन अकरा दिवस झाले होते. तारीख एक असली तरी सूर्य एक नव्हता.

हा प्रकार परक्यांचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. सतराव्या शतकात आमच्या पश्चिम किनाऱ्यावर गोव्याचे पोर्तुगीज नवी दिनदर्शिका वापरीत आणि सुरत-मुंबईचे इंग्रज जुनी. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ या तिथीचा. आपण तारीख सांगतो ६ जून १६७४. ही तारीख जुन्या, म्हणजे त्या वेळच्या इंग्रजांच्या गणनेची आहे. त्या प्रसंगी रायगडावर असलेला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील जी तारीख मानीत होता, तीच तारीख त्या दिवशी गोव्यातील कारकून मानीत नव्हता. त्याच्या हिशेबी तो १६ जून होता. त्यात भर अशी, की त्या काळच्या इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्यांच्या जानेवारीतल्या पत्रावर मागचेच साल पडलेले आढळते. मराठ्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून इंग्रजी आणि पोर्तुगीज कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्यास हे गणित पदोपदी करावे लागते. ते न केले तर उत्तर आधी आणि पत्र मागाहून, असा चमत्कार घडतो.

शिवाय आमच्याकडे तिथी आणि तारीख हा संसार आहेच. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. अधिक महिना घालून आपण दोहोंचा मेळ राखतो, पण तिथी मात्र तारखेच्या मागेपुढे हिंडत राहते. म्हणूनच घरातील आजी नातवाचा वाढदिवस एका दिवशी करते आणि त्याची शाळा दुसऱ्या दिवशी. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्र महिने यांत अवघा दोन तासांच्या आसपास फरक असल्याने दर १९ वर्षांनी तिथी व तारीख पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. ज्यांना खात्री करावयाची असेल त्यांनी आपल्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या किंवा सत्तावन्नाव्या वाढदिवसाचे पंचांग काढून पाहावे.

योगायोग दिसतो तितका दुर्मिळ नसतो

आता संशयित योग. शेक्सपिअर २३ एप्रिललाच जन्मला याला लेखी आधार नाही. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये २६ एप्रिल १५६४ ही त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा करण्याची रीत होती, म्हणून जन्म दोन-तीन दिवस आधीचा धरावयाचा. त्यात २३ एप्रिल हा इंग्लंडचा रक्षणकर्ता संत जॉर्ज याचा दिवस, आणि मृत्यूची तारीखही तीच. मग राष्ट्रकवीचा जन्म दुसऱ्या कोणत्या दिवशी बरे असावा? चित्रकार टर्नर हाही आपला जन्म २३ एप्रिल १७७५ चा असल्याचे सांगे. त्याच्याही बाबतीत हाती आहे ती पुढील १४ मे रोजीच्या बाप्तिस्म्याची नोंद. सणाची तारीख लोहचुंबकासारखी असते. आसपासची नावे ती आपल्याकडे ओढून घेते. आमच्याकडेही थोर पुरुषांचे जन्म रामनवमीच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास सांगण्याची हौस काही कमी नाही.

पण लोहचुंबक नसला तरीही तारखा जुळतातच, आणि त्यात देवाचे किंवा ग्रहांचे काही विशेष नियोजन असावे लागत नाही. एक साधा हिशेब पाहा. एका खोलीत किती माणसे असली म्हणजे त्यांपैकी कोणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याचा संभव निम्म्याहून अधिक होईल? बहुतेक लोक १८०-१८२ असे उत्तर देतात, कारण वर्षाचे निम्मे दिवस तितके. खरे उत्तर आहे अवघी २३ माणसे. कारण प्रश्न माणसांचा नसून जोड्यांचा आहे. २३ माणसांपैकी प्रत्येकाची जोडी इतर २२ जणांशी लागते. दुहेरी मोजणी वगळली तर २५३ जोड्या होतात. इतक्या जोड्यांतून एखादी तरी जुळावी यात नवल नाही. खोलीत ६० माणसे असली तर संभव शेकडा ९९ च्याही वर जातो. आपल्या शेजारी खुर्च्या टाकून बसलेल्या श्रोत्यांत हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मात्र 'माझ्याच वाढदिवसाचा माणूस पाहिजे' असा हट्ट धरला, तर निम्मा संभव गाठण्यासाठी आपल्याखेरीज अडीचशेंहून अधिक माणसे लागतील.

इतिहासाने नामवंत म्हणून हजारो माणसांची नोंद ठेवली आहे, आणि त्यांच्यासाठी चौकोन आहेत फक्त ३६६. तेव्हा कोणतीही तारीख घ्या, तिच्यात एखादा कवी, एखादा सेनापती आणि एखादा शास्त्रज्ञ सापडणारच. २३ एप्रिल ही तारीख त्या दृष्टीने काही भाग्यवान नाही.

२३ एप्रिल १८५८, शुक्रवार

मग सर्वच योग फोल म्हणावयाचे काय? आम्हांस तसे वाटत नाही. खऱ्या योगाचा एक उपयोग आहे, आणि तो दाखवण्यासाठीच मागे ठेवलेली नावे आता पुढे आणतो. येथे तारीखही एक, सालही एक आणि सूर्यही एकच.

शुक्रवार, २३ एप्रिल १८५८. बिहारमध्ये जगदीशपूरजवळ त्या दिवशी लढाई झाली. सत्तावनच्या उठावातील वृद्ध सेनानी बाबू कुंवरसिंह आपल्या गावी परतले होते. वय ऐंशीच्या घरात. गंगा ओलांडताना हातास गोळी लागली, तेव्हा तो हात त्यांनी स्वतः तोडून गंगेस अर्पण केला, असे सांगतात. त्या अवस्थेत त्यांनी कॅप्टन ल ग्रँडच्या इंग्रज तुकडीचा धुव्वा उडवला. तिसऱ्या दिवशी, २६ एप्रिलला, त्यांचा अंत झाला. बिहारात २३ एप्रिल हा विजयोत्सवाचा दिवस म्हणून पाळला जातो.

त्याच दिवशी सह्याद्रीच्या कर्नाटकातील भागात, गंगामूळच्या रानात, अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांना मुलगी झाली. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल अनंतशास्त्र्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

आणि त्याच दिवशी, तेथून हजारो कोस दूर, बाल्टिक समुद्रकाठच्या कील या गावी कायद्याच्या एका प्राध्यापकाच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव माक्स प्लँक.

या दोन बालकांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे एकाच दिवसाच्या पोटात काय काय मावते याची कल्पना येते. रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत, पायी, पुराण सांगत गेले. दुष्काळात आई-वडील व थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले, आणि तान्ह्या मुलीस घेऊन १८८२ साली त्या पुण्यास आल्या. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांच्याच मंडळींचे पाठबळ मिळून रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या, तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले.

प्लँकचे आयुष्य नीटनेटक्या घरात, शाळेत आणि विद्यापीठात गेले. पदार्थविज्ञान शिकू पाहणाऱ्या या तरुणाला म्यूनिकच्या एका प्राध्यापकाने सांगितले होते, की या शास्त्रात आता नवे शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही. तापलेले लोखंड प्रथम लाल, मग पिवळे, मग पांढरे का दिसते, हा प्रश्न मात्र जुन्या शास्त्राला सुटत नव्हता. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये वाचलेल्या निबंधात प्लँकने सांगितले, की ऊर्जा पाण्याच्या धारेसारखी सलग दिली-घेतली जात नाही. ती सुट्या नाण्यांसारखी ठराविक पुंजांत दिली-घेतली जाते. सर्वांत लहान नाण्याहून कमी व्यवहार होत नाही. आधुनिक पुंजवादाचा तो आरंभ. प्लँकच्या नावाने ओळखला जाणारा स्थिरांक मंडईपर्यंत येऊन पोहोचला आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच त्यावर बसवलेली आहे.

या दोघांत एक धागा असा आहे, की जो आम्हांस विचार करावयास लावतो. १८९७ साली जर्मनीत स्त्रियांच्या विद्यापीठीय शिक्षणाविषयी विद्वानांची मते मागवली गेली. प्लँकचे मत असे पडले, की एखाद्या विशेष बुद्धीच्या स्त्रीस मज्जाव नसावा, परंतु निसर्गाने स्त्रीला नेमून दिलेले काम आई आणि गृहिणी हेच आहे. त्याच सुमारास त्याच दिवशी जन्मलेली एक स्त्री, मध्य प्रांतातील दुष्काळातून शेकडो मुली व बायका वाचवून आणून, पुणे जिल्ह्यातील केडगावी त्यांच्या अन्नाची आणि अक्षरओळखीची व्यवस्था लावीत होती. पुढे प्लँकने लीझे माइटनर या तरुणीस आपल्या व्याख्यानांना बसू दिले आणि १९१२ साली आपली सहायक नेमले, हे त्याच्या मोठेपणाचे द्योतक होय. पण जन्मवेळेवरून विचार ठरत नाहीत, एवढे या एका उदाहरणावरून सिद्ध व्हावे. ज्योतिषी म्हणतील, स्थळ निराळे म्हणून लग्न निराळे. ठीक आहे, मग पूर्ण कुंडली पाहिल्याशिवाय तारखेचे कौतुक तरी कशाला?

खुंटी आणि तिच्यावरचे वस्त्र

रमाबाईंच्या आयुष्यात मोठा खेद एका गोष्टीचा. शारदा सदनात धर्मांतराचा आग्रह होतो असा बोभाटा झाला आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाशी संबंध तोडला. त्या वादात कोणाचे किती चुकले हा स्वतंत्र विषय आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की बाईंचे नाव मराठी समाजाच्या तोंडी येईनासे झाले. त्यांच्या आधी अवघे पाच दिवस, १८ एप्रिल १८५८ रोजी, धोंडो केशव कर्वे जन्मले. कर्व्यांनी ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १९५८ साली कर्व्यांच्या शताब्दीस ते स्वतः हयात असताना टपालाचे तिकीट निघाले, आणि त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. हे सर्वस्वी योग्यच झाले. त्यानंतर पाचच दिवसांनी दुसरी शताब्दी होती. रमाबाईंचे तिकीट निघाले ते १९८९ साली.

दोघांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. सांगावयाचे ते असे, की दिनविशेषाची यादी आकाशातून पडत नाही. ती माणसे करतात. कोणाचे नाव घ्यावयाचे आणि कोणाचे गाळावयाचे हे तारीख ठरवीत नाही, आपण ठरवतो.

याच तारखेचे आणखी एक उदाहरण देतो. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र पठाण सत्याग्रही उभे होते. त्यांच्यावर गोळ्या झाडण्याचा हुकूम झाला तेव्हा गढवाली पलटणीतील चंद्रसिंह व त्यांच्या सोबत्यांनी नकार दिला. दुसऱ्या फौजेने त्या दिवशी रक्त सांडलेच. पण हिंदू गढवाली शिपायांनी मुसलमान पठाणांवर बंदूक उचलली नाही. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. ग्रंथदिनाच्या तोरणाखाली किती यादींत हे नाव आढळते, ते ज्याने त्याने पाहावे.

तारीख ही भिंतीतली खुंटी आहे. खुंटीला स्वतःचे मोल नाही. ती लाकडाची असो की पितळेची. तिच्यावर काय टांगावयाचे याची निवड मात्र घरच्या माणसांची असते, आणि त्यावरून घर ओळखता येते. खोटे योग सोडून द्यावे, संशयित योग संशयित म्हणून सांगावे, आणि खरे योग सापडले तर त्यांत गूढ शोधण्याऐवजी त्या दिवसाचे जग केवढे रुंद होते ते पाहावे. एका शुक्रवारी एक वृद्ध शेवटची लढाई जिंकतो, रानात एक मुलगी पहिला श्वास घेते आणि दूर कीलला एक मुलगा. तिघांनाही एकमेकांची वार्ता नाही. ती वार्ता जुळवून सांगण्याचे काम मागाहून येणाऱ्यांचे, म्हणजे आपले आहे.

येत्या २३ एप्रिलला वाचनालयात ग्रंथपूजन होईल. शेक्सपिअरच्या शेजारी रमाबाईंचेही एखादे पुस्तक ठेवावे, आणि हार घालून झाल्यावर त्यातील चार पाने उघडून वाचावीत, एवढीच आमची सूचना आहे.